तुमच्याकडे हे कसं करतात?

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या नवजात अतिदक्षता विभागांपुढे एक नवं संकट उभं होतं. दिवस भरण्याआधी जन्मलेली, दीड किलोपेक्षाही कमी वजनाची बाळं आता जगू लागली होती. पण वाचलेल्यांपैकी अनेकांची फुफ्फुसं दुखावलेली असत आणि जन्मानंतर महिना उलटला तरी त्यांचा ऑक्सिजन सुटत नसे. ज्या व्हेंटिलेटरने जीव वाचवला, त्याच्याच दाबाने कोवळी फुफ्फुसं खराब होत होती. हे टाळता येईल का, हा सगळ्यांचा प्रश्न होता.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ मेरी एलेन एव्हरी यांनी त्याचं उत्तर शोधायला जी वाट धरली, ती मला फार महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेत त्यांचा अधिकार मोठा होता. अकाली जन्मलेल्या बाळांची फुफ्फुसं मिटून का जातात, त्याचं कारण त्यांनीच १९५९ साली जेरे मीड यांच्यासोबत दाखवून दिलं होतं. फुफ्फुसातल्या वायुकोशांना उघडं ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ या बाळांमध्ये पुरेसा तयार झालेला नसतो. पण या वेळी एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवं औषध किंवा नवं यंत्र शोधलं नाही. त्यांनी आठ रुग्णालयांची पाहणी केली. ७०० ते १५०० ग्रॅम वजनाच्या १६२५ बाळांच्या नोंदी एकत्र केल्या आणि कुठे किती बाळांची फुफ्फुसं कायमची आजारी राहिली, ते ताडून पाहिलं.

१९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णालयारुग्णालयांत मोठी तफावत होती. ‘आमच्याकडे जास्त नाजूक बाळं येतात’ हे नेहमीचं स्पष्टीकरणही पुरेसं ठरलं नाही, कारण जन्माचं वजन वगैरे गोष्टींचा हिशोब धरल्यावरही फरक उरतच होता. न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाच्या बालरुग्णालयाची कामगिरी उठून दिसत होती.

मग साहजिकच पुढचा प्रश्न आला: तुमच्याकडे नेमकं करतात काय? तिथे जेन-त्येन वुंग नावाच्या डॉक्टरांची शिस्त चालत असे. श्वासनलिकेत नळी घालून बाळाला लगेच व्हेंटिलेटरवर घेण्याची घाई ते करत नसत. बाळ स्वतः श्वास घेत असेल तर नाकात छोट्या नळ्या बसवून हवेचा सततचा हलका दाब द्यायचा, याला सीपॅप म्हणतात. परतीच्या नळीचं टोक पाण्यात बुडवलेलं असतं. ते ५ सेंटिमीटर खोल असेल तर फुफ्फुसात साधारण तेवढ्याच पाण्याच्या उंचीइतका दाब टिकतो आणि श्वास सोडताना वायुकोश पूर्ण मिटत नाहीत. सीपॅप ही वुंग यांची नवलाई नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी १९७१ सालीच ती पद्धत मांडली होती. कोलंबियात ती लवकर, नेटाने आणि सगळ्यांकडून एकाच रीतीने वापरली जात होती. बाळाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला तरी तिथले डॉक्टर घाबरून जात नसत. स्नायू ढिले पाडणारी औषधं ते टाळत.

म्हणजे उत्तर आधीच अस्तित्वात होतं. एका रुग्णालयात ते रोज वापरात होतं आणि इतरांना त्याचं महत्त्व कळलेलं नव्हतं. वैद्यकशास्त्रात हे वारंवार घडतं, आणि बालरुग्णालयांत तर जास्तच.

याचं कारण संख्येत आहे. मोठ्यांच्या हृदयविकारावर एखादं रुग्णालय वर्षाला हजारो रुग्ण पाहतं. आपलं काही चुकत असेल तर ते आकड्यांत लवकर उमटतं. मुलांचे गंभीर आजार मात्र विरळ असतात, आणि त्यातही अर्ध्या किलोचं बाळ आणि साठ किलोचा किशोर एकाच छताखाली येतात. औषधाचा प्रत्येक डोस वजनावरून काढावा लागतो, आणि दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. एखादा जन्मजात हृदयदोष एका रुग्णालयात वर्षाला जेमतेम पाच-दहा बाळांत दिसतो. यंदा त्यातली दोन दगावली आणि गेल्या वर्षी एकच दगावलं होतं, तर ते आपल्या पद्धतीमुळे की निव्वळ योगायोगाने, हे त्या रुग्णालयाला एकट्याने कधीच ठरवता येणार नाही. तिथले डॉक्टर कितीही हुशार असोत, गणितच तोकडं पडतं. इतरांना विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

विचारायचं कसं, हे मात्र सोपं नाही. सर्वेक्षण म्हणजे पाचपंचवीस प्रश्नांचा फॉर्म पाठवून दिला की झालं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात प्रश्न कसा विचारला यावरच उत्तराची किंमत ठरते.

‘तुमच्या विभागात हात धुण्याबाबत लेखी नियम आहे का?’ असं विचारलं तर जवळपास सगळे ‘हो’ म्हणतील, आणि ते खोटंही नसेल. पण त्यातून काही कळणार नाही. कर्मचारी स्वतःबद्दल जेवढं सांगतात त्यापेक्षा प्रत्यक्ष निरीक्षणात हात धुण्याचं प्रमाण कमी भरतं, हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. म्हणून नियमाबद्दल न विचारता कृतीबद्दल विचारावं लागतं: मागच्या दहा रुग्णांपैकी किती जणांच्या बाबतीत हे केलं? मध्यरात्री दोन वाजता हे कोण करतं? दुसरा उपाय म्हणजे सगळ्यांपुढे एकच काल्पनिक रुग्ण ठेवायचा. वय अमुक, ताप अमुक, रक्ताचा अहवाल असा, तर तुम्ही काय कराल? रुग्ण एकच असल्यामुळे उत्तरांमध्ये जो फरक पडेल तो डॉक्टरांच्या पद्धतीतला असतो.

फॉर्म कोण भरतं, हेही तितकंच महत्त्वाचं. विभागप्रमुख सांगतात ते विभागात काय व्हायला हवं ते. रात्रपाळीची परिचारिका सांगते ते तिथे काय होतं ते. दोघांनाही एकच प्रश्न विचारून उत्तरं शेजारी ठेवली, तर त्या दोन उत्तरांतलं अंतर हीच कित्येकदा सर्वांत उपयोगी माहिती ठरते. माझ्या मते एका रुग्णालयातून एकच उत्तर घेणारी पाहणी निम्मी आंधळी असते.

शिवाय व्याख्या. एव्हरी यांच्या पाहणीत दीर्घकालीन फुफ्फुसविकार म्हणजे जन्मानंतर २८ व्या दिवशीही ऑक्सिजनची गरज असणं. पण २५ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळासाठी २८ वा दिवस फार लवकर येतो. तेव्हा त्याची फुफ्फुसं अजून घडतच असतात. म्हणून पुढे आईच्या शेवटच्या मासिक पाळीपासून ३६ आठवडे मोजून तेव्हाची स्थिती पाहण्याची रीत पडली. दोन रुग्णालयांनी वेगवेगळी मोजपट्टी लावली, तर त्यांची तुलना करण्यात काहीच अर्थ उरत नाही. नसेतल्या सेंट्रल लाइनमुळे होणारा जंतुसंसर्ग मोजतानाही नुसती संख्या चालत नाही. अशा नळ्या एकूण जितके दिवस राहिल्या, त्या दर हजार दिवसांमागे किती संसर्ग झाले, असं मोजावं लागतं. नाहीतर ज्या रुग्णालयात गंभीर मुलं जास्त, तेच सर्वांत वाईट दिसेल.

जिथे पुरावा अपुरा आहे आणि तज्ज्ञांची मतं वेगवेगळी आहेत, तिथे डेल्फी नावाची पद्धत कामी येते. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेत ती १९५० च्या दशकात विकसित झाली. तज्ज्ञ एकमेकांना न भेटता, नाव न देता मत नोंदवतात. मग सर्वांच्या मतांचा गोषवारा प्रत्येकाला परत जातो आणि पुन्हा मत घेतलं जातं. बैठकीत ज्येष्ठ डॉक्टर बोलले की बाकीचे गप्प बसतात. इथे कनिष्ठाच्या मताचं वजन तेवढंच राहतं.

आता कोलंबियाकडे परत वळू, कारण ही कथा वाटते तितकी सरळ नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत बोस्टनमध्ये व्हेंटिलेटरवर गेलेल्या लहानग्या बाळांचं प्रमाण ७५ टक्के होतं, न्यूयॉर्कमध्ये २९ टक्के. दीर्घकालीन फुफ्फुसविकाराचं प्रमाण बोस्टनला २२ टक्के, तर न्यूयॉर्कला फक्त ४ टक्के. हे आकडे पाहून कुणालाही वाटेल की सगळीकडे सीपॅप सुरू करा, प्रश्न मिटला. पण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून केलेल्या चाचण्यांत इतका घसघशीत फायदा दिसला नाही. ६१० बाळांवरची एक चाचणी २००८ मध्ये आणि १३१६ बाळांवरची दुसरी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सीपॅपने सुरुवात केली तर अनेक बाळांचा व्हेंटिलेटर टळतो आणि ते सुरक्षितपणे करता येतं, हे ठरलं. मृत्यू किंवा फुफ्फुसविकार यांतला फरक मात्र थोडकाच निघाला, आणि २००८ च्या चाचणीत सीपॅपच्या गटात फुफ्फुसाबाहेर हवा साठण्याचे प्रकार वाढलेही.

मग कोलंबियाचं यश खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. त्यांचं यश एका उपकरणाचं नव्हतं. नाकातल्या नळ्या नीट बसल्या आहेत की नाही हे तासातासाला पाहणाऱ्या परिचारिका, एकाच माणसाची वर्षानुवर्षांची देखरेख आणि सगळ्यांची एकच रीत, असं ते एकसंध काम होतं. प्रश्नावलीत उपकरणाचं नाव लिहायला जागा असते, पण अशा हातोटीसाठी नसते. म्हणून पाहणीने दाखवलेल्या वाटेवर चाचणीने खात्री करावी लागते, आणि पद्धत उचलताना प्रत्यक्ष जाऊन पाहावं लागतं.

हे दोन टप्पे किती गरजेचे आहेत, ते नवजात बाळांच्या ऑक्सिजनने त्याआधीच शिकवलं होतं. १९४० च्या दशकात अकाली जन्मलेली बाळं मोठ्या संख्येने आंधळी होऊ लागली. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी शहरातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांची तुलना केली आणि जिथे सढळ हाताने ऑक्सिजन देतात तिथे अंधत्व जास्त आहे, असं १९५१ मध्ये मांडलं. अमेरिकेत १८ रुग्णालयांनी मिळून चाचणी केली आणि संशय खरा ठरला. पण मग ऑक्सिजन इतका आखडला गेला की त्याअभावी बाळं दगावू लागली. किती द्यायचा हा बारीक प्रश्न त्यानंतर अनेक दशकं सोडवला जात राहिला.

काही ठिकाणी विचारपूस एकदाच न करता अखंड चालू ठेवली जाते. हृदयाची डावी बाजू नीट न घडलेल्या बाळांवर टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया होतात. पहिल्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या मधले घरी काढायचे काही महिने सर्वांत धोक्याचे असतात. मिल्वॉकीच्या एका गटाने आईवडिलांना वजनकाटा आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र घरी दिलं. वजन वाढेना किंवा ऑक्सिजन ठरलेल्या रेषेखाली गेला की लगेच फोन करायचा. अमेरिकेतल्या बालहृदय केंद्रांनी मिळून नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि अशा पद्धती एकमेकांकडून घेतल्या, तेव्हा या मधल्या काळातलं मृत्यूचं प्रमाण काही वर्षांत ९.५ वरून ५.३ टक्क्यांवर आलं. या जाळ्यात आईवडील रुग्णालयांच्या बरोबरीने बसतात. बाळाचे ते महिने त्यांच्याइतके जवळून दुसऱ्या कुणीही पाहिलेले नसतात, म्हणून ते तिथे हवेतच.

खरं उत्तर मिळण्यासाठी उत्तर देणाऱ्याला भीती वाटता कामा नये. ‘आमच्याकडे संसर्ग जास्त होतात’ हे कबूल करणारं रुग्णालय उद्या बदनाम होणार असेल, तर पुढच्या वेळी फॉर्म कोराच येईल किंवा छान छान येईल. ओहायो राज्यातल्या आठ बालरुग्णालयांनी २००९ मध्ये यावर एक करार केला: बाकी कशातही स्पर्धा असो, मुलांच्या सुरक्षिततेत आपण स्पर्धा करायची नाही. संसर्ग, औषधांच्या चुका, पडून होणाऱ्या इजा यांचे आकडे त्यांनी एकमेकांसमोर उघडे केले, आणि ज्याचे आकडे चांगले त्याने आपली रीत इतरांना शिकवायची असं ठरवलं. पुढे या जाळ्यात शंभराहून जास्त रुग्णालयं आली.

पण आजारी मुलं काही फक्त बालरुग्णालयांत जात नाहीत. बहुतेकांना जवळच्या साध्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेलं जातं. २०१३ साली अमेरिकेत अशा सगळ्या विभागांना एक प्रश्नावली पाठवली गेली. मुलांच्या मापाची साधनं आहेत का? वजन किलोग्रॅममध्येच नोंदवता का? मुलांच्या उपचारांची जबाबदारी ठरावीक डॉक्टर किंवा परिचारिकेवर सोपवली आहे का? ४१४९ विभागांनी उत्तर दिलं, म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त. सर्वेक्षणाच्या जगात हा प्रतिसाद विलक्षण आहे. त्याचं एक कारण मला दिसतं. फॉर्म भरताक्षणी प्रत्येकाला आपले गुण, आपल्यासारख्या इतर विभागांशी तुलना आणि काय कमी आहे त्याची यादी परत मिळत होती. शंभरपैकी मधले गुण ६८.९ होते. दहा वर्षांपूर्वी ते ५५ होते. जिथे मुलांसाठी जबाबदार व्यक्ती नेमली होती तिथे गुण स्पष्टपणे जास्त होते.

हे गुण कागदावरचे राहिले का, याची तपासणी २०१९ मध्ये झाली. गंभीर अवस्थेत आलेल्या २०,४८३ मुलांच्या नोंदी त्यांच्या रुग्णालयाच्या गुणांशी जोडून पाहिल्या. सर्वांत कमी गुणांच्या चौथाईत ११.१ टक्के मुलं दगावली होती, सर्वांत जास्त गुणांच्या चौथाईत ३.४ टक्के. मुलांच्या आजाराची तीव्रता वगैरे हिशोबात घेऊनही फरक टिकला. ज्या विभागांचे गुण कमी आले, त्यांच्या हातात काय सुधारायचं याची यादी फॉर्म भरल्या दिवसापासूनच होती, आणि वजन किलोतच लिहिणं किंवा एका परिचारिकेकडे ही जबाबदारी देणं यासाठी नव्या इमारती लागत नाहीत.