एकाच सह्याद्रीचे दोन नकाशे

पश्चिम घाटातला कोणता भाग किती जपायचा, हे संगणकाला विचारण्याचा प्रयत्न आपल्याकडे दोनदा झाला. उत्तरे इतकी वेगळी आली, की अजूनही घाटातल्या गावांना आपण कुठल्या रेषेच्या आत आहोत याची खात्री नाही.

मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. या गटाने घाटावर सुमारे ९ किलोमीटर बाजूचे चौकोन आखले, ते साधारण २,२०० भरले. प्रदेशनिष्ठ (म्हणजे फक्त इथेच वाढणाऱ्या) वनस्पती, जंगल, उंची, उतार, नदीकाठची वने अशा निकषांवर प्रत्येक चौकोनाला १ ते १० गुण दिले आणि त्यांची सरासरी काढली. इथवरचे काम गणिताचे.

पण किती गुणांच्या वर ‘अतिसंवेदनशील’ म्हणायचे? ते कोणताही उपग्रह सांगत नाही. गटाने १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीचा आधार घेतला. डोंगराळ मुलखात दोन तृतीयांश जमीन वनाखाली असावी, असे ती नीती म्हणते. सह्याद्रीचे मोल त्याहून मोठे, म्हणून ७५ टक्के क्षेत्र वरच्या श्रेण्यांत ठेवायचे, असे ठरले. प्रत्येक राज्याचे गुण वेगळे धरले, नाहीतर गोव्याच्या ठेंगण्या डोंगरांना केरळच्या शिखरांपुढे काही किंमतच उरली नसती. हे निर्णय मूल्यांचे होते, आणि गटाने ते अहवालात उघडपणे लिहून ठेवले, याचे मला फार मोल वाटते.

३१ ऑगस्ट २०११ ला सादर झालेला हा अहवाल मंत्रालयाने दाबून ठेवला. माहितीच्या अधिकारातला अर्ज, माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालय एवढे झाल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला.

ऑगस्ट २०१२ मध्ये अंतराळशास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट बसला. त्यांच्याकडे २४ मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी उपग्रहचित्रे होती. घाटाची हद्दही १,२९,०३७ चौरस किलोमीटरवरून १,६४,२८० वर गेली. डोळा बारीक झाला, पण प्रश्न बदलला. वस्ती, शेती, बागा हे ‘सांस्कृतिक भूदृश्य’ ठरवून आधीच बाजूला काढले. उरलेल्या नैसर्गिक भागातून संवेदनशील ठरले एकूण घाटाच्या ३७ टक्के, म्हणजे जवळपास ६०,००० चौरस किलोमीटर. पहिल्या गटाने श्रेणी तालुक्याला लावली होती, त्याऐवजी गाव हे एकक धरले, ही सुधारणा खरीच. मात्र माणूस जिथे राबतो तिथला निसर्ग मोजणीतूनच गेला. आमराईच्या बांधावरचे रान आणि गावालगतचा ओढा यांना कोकणात कोण वेगळे करतो?

सिंधुदुर्गात तर लोकांनीच मत दिले होते. खाणींच्या धास्तीने सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या २५ गावांनी आपला परिसर संवेदनशील घोषित करा, असे ठराव केले आणि गाडगीळ गटाने त्यांची नोंद घेतली. कस्तुरीरंगन गटाच्या यादीत दोडामार्ग तालुका आलाच नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथली गावे अधिसूचित करण्याचा आदेश केंद्राला मिळायला २०२४ साल उजाडले. त्याच वर्षी ३१ जुलैला, केरळातल्या वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी, घाटाच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला.