अनलॉकचे पाच स्तर (महाराष्ट्र, २०२१)

कोरोनाची दुसरी लाट ओसरताना कुठल्या जिल्ह्यात काय उघडायचं आणि काय बंद ठेवायचं हे ठरवायला महाराष्ट्र सरकारने आणलेली ही पद्धत. ४ जून २०२१ ला आदेश निघाला आणि ७ जूनपासून लागू झाला. दोनच आकडे बघायचे, आठवड्याचा पॉझिटिव्हिटी रेट (केलेल्या टेस्टपैकी किती टक्के पॉझिटिव्ह आल्या) आणि भरलेले ऑक्सिजन बेड. रेट ५ टक्क्यांच्या खाली आणि बेड २५ टक्क्यांहून कमी भरलेले असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळं सुरू, आणि रेट २० च्या वर किंवा बेड ७५ टक्क्यांहून जास्त भरलेले असतील तर पाचवा, म्हणजे जवळपास लॉकडाऊनच. दर गुरुवारी आकडे यायचे, सोमवारपासून नवा स्तर. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या महापालिका जिल्ह्यापासून वेगळ्या धरल्या होत्या.

त्याआधी मोठे निर्बंध बहुतेक वेळा सगळ्या राज्याला एकदम लागायचे. २४ मार्च २०२० ला रात्री ८ वाजता देशभराच्या लॉकडाऊनची घोषणा झाली आणि लोकांच्या हातात फक्त चार तास होते, हातावर पोट असलेल्यांचे त्यात काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलंय. २०२१ मध्ये आधी फेब्रुवारीत अमरावती, अचलपूर बंद केलं, मग एप्रिलच्या सुरुवातीला वीकेंड लॉकडाऊन आणि १४ एप्रिलपासून राज्यभर संचारबंदी. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण होते, ३१ मेला १५,०७७.

यातली खरी अडचण वेळेची आहे. आज लागण झालेला माणूस चारपाच दिवसांनी आजारी पडतो, टेस्ट त्यानंतर, आणि ऑक्सिजन लागलाच तर अजून आठवडाभराने, म्हणजे बेडचा आकडा नेहमी मागचं चित्र दाखवतो. बेड भरल्यावर बंद करायला गेलं तर उशीर झालेला असतो, आणि आधीच बंद केलं तर दुकानदार विचारतो की रुग्ण कुठायत, आणि त्याचंही चूक नसतं. म्हणून दोन आकडे एकत्र धरले ते बरोबरच होतं. पण रेटही टेस्टवर अवलंबून, कमी धोक्याच्या लोकांच्या भरमसाट अँटिजेन (झटपट, पण कमी अचूक) टेस्ट केल्या की तो खाली येतो. २५ जूनला सरकारने फक्त आरटीपीसीआरचा (लॅबमधल्या जास्त अचूक टेस्टचा) रेट धरायचा असं ठरवलं, आणि डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या भीतीने आकडे कितीही चांगले असले तरी कुणालाच तिसऱ्या स्तराच्या खाली येऊ द्यायचं नाही असंही.

मुंबईने तर त्याआधीच हे केलं होतं. जूनच्या मध्यात शहराचे आकडे पहिल्या स्तरात बसत होते तरी महापालिकेने तिसराच ठेवला, कारण गर्दी आणि रोज बाहेरून येणारे लोक. लोकल दोन डोस झालेल्या सामान्य प्रवाशांना १५ ऑगस्टपासून मिळाली. काळजी पटण्यासारखी होती, पण नियम लेखी जाहीर करून मग बाजूला ठेवले की पुढच्या वेळी लोक आकड्यांवर भरवसा कसा ठेवणार, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. उरलेले सगळे निर्बंध २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला उठले, मास्कसुद्धा ऐच्छिक झाला.