आजीला रोज अंघोळ कोण घालणार: मेडिकेअर की मेडिकेड?

अमेरिकेतल्या लॅटिनो (मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या) म्हाताऱ्यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘पासष्टी झाली ना, मग मेडिकेअर आहे की!’ आणि मग त्याच मेडिकेअरच्या खात्यावर नर्सिंग होम, घरी मदतीला येणारी बाई, सगळं टाकून मोकळं व्हायचं. ऐकून कान किटले.

मेडिकेअर म्हणजे काय, ते आधी. केंद्र सरकारची आरोग्यविम्याची योजना, मुख्यतः ६५ च्या पुढच्यांसाठी, खिशात किती आहे ते विचारत नाही. मेडिकेड ही कमी उत्पन्नवाल्यांची आरोग्ययोजना, ती केंद्र आणि राज्य मिळून चालवतात. तिथे उत्पन्न बघतात, म्हाताऱ्यांच्या बाबतीत सहसा मालमत्ताही, आणि नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात तिचंच नाव मेडि-कॅल. दोघींचा जन्म १९६५ च्या एकाच कायद्यातला. एका माणसाकडे दोन्ही असू शकतात. तेव्हा आधी मेडिकेअर पैसे भरतं, मग मेडिकेड.

घोळ होतो तो पुढे. मेडिकेअर उपचाराचे पैसे देतं, सांभाळण्याचे नाही. समजा आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया मेडिकेअरमध्ये. नंतर नर्सिंग केंद्रात ठेवायचं तर मूळ मेडिकेअरची (सरकार थेट चालवतं ती, खासगी कंपनीमार्फतची नव्हे) अट अशी, की आधी रुग्णालयात सलग तीन दिवस रीतसर दाखल असायला हवं. ‘निरीक्षणाखाली’ ठेवलेले दिवस त्यात धरत नाहीत, मग भले आजी त्याच मजल्यावर, तसल्याच खाटेवर झोपलेल्या असोत. पहिले २० दिवस पूर्ण खर्च मिळतो, २१ ते १०० रोजचा ठरावीक वाटा आपण भरायचा, १०० नंतर काही नाही. शंभराचीही हमी नाही: नर्सच्या किंवा थेरपिस्टच्या कौशल्याची गरज संपली की पैसे थांबले. घरी नर्स येते तीही अधूनमधून, थोड्या वेळापुरती. अंघोळ घालणं, भरवणं, रात्री उठून बघणं एवढीच गरज असेल, तर मेडिकेअर हात वर करतं. स्मृतिभ्रंशात तर वर्षानुवर्षं हेच लागतं.

ते काम मेडिकेडचं. नर्सिंग होमचा मुक्काम तर ते देतंच, पण मला महत्त्वाची वाटते ती घरची मदत. कॅलिफोर्नियात मेडि-कॅलवाल्यांसाठी आयएचएसएस (इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस) ही घरी मदत देणारी योजना आहे. काउंटीचा (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) माणूस घरी येऊन गरज बघतो आणि तास ठरवतो, महिन्याला जास्तीत जास्त २८३. काळजी घेणारी व्यक्ती पोटची मुलगी असली तरी तिला पगार मिळतो.

‘लॅटिनो लोक म्हाताऱ्यांना घरीच सांभाळतात, किती छान संस्कृती!’ या कौतुकाची मला चीड आहे ती इथे. सांभाळतात खरं, पण सहसा एक मुलगी नोकरी सोडते तेव्हा. त्यात आईवडिलांची उमर शेतात, लोकांच्या घरची साफसफाई करण्यात, रोखीत गेलेली. करासह नोंदलेल्या कामाच्या ४० तिमाह्या भरल्या नाहीत (जोडीदाराच्याही नाहीत), तर मेडिकेअरचा रुग्णालयाचा भाग फुकट मिळत नाही. अशा घराला मेडिकेडच लागतं, आणि नेमकं तेच ‘गरिबांचं’ म्हणून टाळलं जातं.

दुसरी भीती घर जाण्याची. मेडिकेड मृत्यूनंतर वसुली करू शकतं, हे खरं. पण कॅलिफोर्नियात २०१७ पासूनच्या मृत्यूंसाठी ती प्रोबेटमध्ये (मृत्यूनंतर कोर्टामार्फत होणारी वाटणी) जाणाऱ्या मालमत्तेपुरतीच आहे; रीतसर लिव्हिंग ट्रस्टमध्ये (जिवंतपणीच केलेला विश्वस्त निधी) ठेवलेलं घर त्यात येत नाही. वकिलाला आधी विचारा, शेजाऱ्याला नंतर.

ग्रीन कार्डावर नुकत्याच आलेल्यांना बहुधा पाच वर्षं थांबावं लागतं: मेडिकेअर विकत घ्यायलाही आणि केंद्राच्या पैशातलं मेडिकेड मिळायलाही. पुण्याहून मुलाकडे कायमचे गेलेले आईबाबा याच रांगेत असतात.

आयएचएसएसला अर्ज करणार असाल तर डॉक्टरांनी भरायचा एसओसी ८७३ हा फॉर्म पहिल्याच भेटीत त्यांच्या हातात द्या. तो काउंटीत पोचल्याशिवाय सहसा तास मंजूर होत नाहीत.