वजन कमी केलं की कमी झालं? या शब्दांमागची थोडी पार्श्वभूमी

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांवरून सध्या जो वाद चाललाय तो वरवर औषधांचा वाटतो, पण नीट ऐकलं तर भांडण क्रियापदावरून आहे. कुणीतरी आठवड्याचं इंजेक्शन घेऊन वीस किलो उतरलं की एक बाजू म्हणते वा, करून दाखवलं, आणि दुसरी म्हणते छे, त्याने काय केलं, ते तर आपोआप झालं. करणं आणि होणं. मराठीत हा फरक फार ठसठशीत आहे आणि गंमत म्हणजे वजनाच्या बाबतीत आपले जुने शब्द सगळे होण्याचेच आहेत: वाळला, सुकली, खंगला, उतरली, हाडं वर आली. यातलं एकही कौतुक नाही, "वाळलास की रे" म्हणणारा माणूस काळजीत असायचा. वजन कमी "करणं" हा प्रकारच नंतरचा, आणि तो आला तेव्हा सोबत एक हिशोबही घेऊन आला, की कमी झालं तर श्रेय तुझं आणि नाही झालं तर दोषही तुझाच.

फार मागे जात नाही. डाएट हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ जगण्याची रीत असा होता, त्यात खाणं, झोप, व्यायाम सगळं यायचं, आणि पथ्य या शब्दातही खाण्यापेक्षा बरंच जास्त काही येतं. चरकसंहितेत अतिस्थूल आणि अतिकृश दोघांनाही एकाच निंदित यादीत बसवलंय, वर दोघांत कृश बरा असंही म्हटलंय, म्हणजे टोमणे मारण्याची परंपरा जुनीच. पण पथ्याला एक शेवट असायचा, आजार गेला की पथ्य गेलं. डाएटला शेवट नाही, हा मोठा बदल.

आधुनिक गोष्ट साधारण १८६३ पासून धरतात. लंडनमधल्या अंत्यविधीची कामं घेणाऱ्या एका गृहस्थाने डॉक्टरच्या सांगण्यावरून पाव, साखर, बटाटे, बिअर कमी केली, वर्षभरात वीसेक किलो उतरला आणि त्यावर स्वतःच एक छोटी पुस्तिका छापली. ती इतकी गाजली की बँटिंग या त्याच्या आडनावाचंच क्रियापद झालं, आणि स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही "बांटा" म्हणतात ते त्याच्यावरूनच. नंतर अमेरिकेत "रिड्यूस करणं" आणि ब्रिटनमध्ये "स्लिमिंग" हे शब्द चालले. १९१८ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरबाईंच्या पुस्तकाने कॅलरी हा शब्द प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात आणला, त्यांचं म्हणणंच होतं की पावाची स्लाइस म्हणू नका, शंभर कॅलरी पाव म्हणा. तिथून खाणं मोजण्याची भाषा सुरू झाली.

मग विमा कंपन्या आल्या. एका मोठ्या अमेरिकन विमा कंपनीने १९४० च्या दशकात उंचीनुसार वजनाचे तक्ते काढले आणि त्यावर "आयडियल" वजन असं लिहिलं, १९५९ च्या आवृत्तीत ते "डिझायरेबल" झालं. म्हणजे आधी आदर्श, मग इष्ट. त्यात लहान, मध्यम, मोठा असा सांगाडा धरलेला होता पण आपला सांगाडा कुठला ते कसं ठरवायचं हे काही धड सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येकजण सोयीने मोठ्या सांगाड्याचा झाला. बीएमआयचं सूत्र, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे १८३० च्या दशकातलं, एका बेल्जियन गणितज्ञाचं, पण त्याला बीएमआय हे नाव १९७२ मध्ये मिळालं, आणि तेही लोकसंख्येचा अभ्यास करायला सोयीचं म्हणून, एकेका माणसाला पास-नापास करायला नव्हे. ते कोण ऐकतो. १९९८ मध्ये अमेरिकेत जादा वजनाची बीएमआय रेषा पुरुषांसाठी २७.८ आणि बायकांसाठी २७.३ वरून सरळ २५ वर आणली तेव्हा कोट्यवधी लोक एक ग्रॅमही न वाढता "ओव्हरवेट" झाले. २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ (इथून धोका वाढतो) आणि २७.५ (इथून धोका जास्त) हे वेगळे आकडे सुचवले गेले, मग आणखी काही जण रेषेच्या पलीकडे.

आता सवयींची भाषा, जी माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे कारण आज आपण जे बोलतो त्यातलं निम्मं १९६० ते १९८५ या काळातलं आहे. १९६७ मध्ये एका संशोधकाने फक्त आठ पेशंटवर केलेलं काम छापलं, जेवताना दुसरं काही करू नका, ठरलेल्या एकाच जागी बसून खा, मध्ये मध्ये चमचा खाली ठेवा, काय खाल्लं ते लिहा. आज हे सगळं आपल्याला कॉमन सेन्स वाटतं पण तेव्हा नवीन होतं, कारण त्याआधी जाड माणसाकडे एकतर मनोबल नाही किंवा मनात काहीतरी खोल दुखणं आहे असंच बघायचे. या लोकांनी सांगितलं की चारित्र्य वगैरे सोडा, वागणूक बघा. "बिहेवियर" हा शब्द इथून घुसला. ट्रिगर, गोल, रिवॉर्ड, सेल्फ मॉनिटरिंग ही सगळी त्याच घरची मंडळी.

१९८३ मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून दोघांनी बदलाच्या पायऱ्या मांडल्या, विचारही नसणं, विचार करणं, कृती, मग टिकवणं म्हणजे मेंटेनन्स. ही शिडी सिगारेटवरून उचलून वजनाला लावली गेली आणि तिच्याबरोबर व्यसनाची सगळी शब्दसंपत्ती आली. रिलॅप्स हा शब्द बघा. दारू सोडलेल्याने ग्लास उचलला तर रिलॅप्स, ठीक आहे, पण अन्न सोडता येत नाही ना, रोज तीनदा त्याच्यासमोर बसायचंय. व्यसनावर काम करणाऱ्यांनीच १९८० च्या दशकात एकदा घसरणं वेगळं आणि पुन्हा पूर्ण पडणं वेगळं असा फरक करून ठेवला होता, तो फरक बोलीभाषेत काही उतरला नाही. उतरलं ते चीट. चीट डे, गिल्ट-फ्री, क्लीन, सिनफुल. ब्रिटनमधल्या एका मोठ्या स्लिमिंग क्लबात वरचं खाणं ज्या एककात मोजतात त्याचं स्पेलिंग वेगळं आहे पण उच्चार "सिन", म्हणजे इंग्रजीतल्या पापाचाच आहे. म्हणजे वागणूकवाल्यांनी चारित्र्य पुढच्या दाराने बाहेर घालवलं आणि ते मागच्या दाराने आत येऊन बसलं.

एकवीस दिवसांचंही इथेच उरकतो. १९६० मध्ये एका प्लास्टिक सर्जनने लिहिलं की चेहरा बदललेल्या पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीसेक दिवस लागतात. "किमान" गळालं, "चेहरा" गळाला, आणि एकवीस दिवसांत सवय लागते हे राहिलं. पुढे लंडनमध्ये ९६ लोकांवर अभ्यास झाला त्यात मधला आकडा ६६ दिवस निघाला आणि पसारा १८ पासून २५४ पर्यंत. तरी चॅलेंज सगळे एकवीस दिवसांचेच, कारण २५४ दिवसांचं चॅलेंज कोण घेणार.

डॉक्टरांच्या बाजूनेही शब्द बदलत होते. आधी पेशंट "कंप्लायन्स" ठेवतो की नाही असं विचारायचे, म्हणजे सांगितलेलं ऐकतो का. मग तो शब्द हुकूम दिल्यासारखा वाटतो म्हणून "अॅडहिअरन्स" आला, २००३ च्या एका जागतिक अहवालाने तोच धरला. प्रश्न मात्र तोच राहिला, ऐकलं का?

आणि आता ज्याबद्दल मला जास्त लिहायचंय ते, २०१३ चा निर्णय. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेने मतदान घेऊन लठ्ठपणा हा आजार आहे असं जाहीर केलं. बातम्या अशा आल्या की जणू विज्ञानाने काहीतरी शोधून काढलं. तसं काही नव्हतं. संघटनेच्याच विज्ञान समितीने आधी यावर वर्षभर काम केलं होतं आणि उत्तर दिलं होतं की नको. त्यांची कारणं दोन, एक तर "आजार" कशाला म्हणायचं याचीच सर्वमान्य व्याख्या नाही, आणि दुसरं म्हणजे मोजायला हातात आहे तो बीएमआय, ज्यात लठ्ठपणाची रेषा धरलेल्या ३० च्या वरची काही माणसं ठणठणीत असतात आणि ३० च्या खालची काही आजारी. प्रतिनिधींनी हे बाजूला ठेवलं आणि हो म्हटलं. त्यांचाही मुद्दा फेकण्यासारखा नव्हता, ठरावात लिहिलं होतं की लठ्ठपणा हा निवडलेल्या राहणीचा परिणाम आहे म्हणून आजार नाही असं म्हणणं म्हणजे सिगारेट ओढणं ही निवड होती म्हणून फुप्फुसाचा कॅन्सर आजार नाही असं म्हणण्यासारखं आहे. हे वाक्य चांगलं आहे, मला पटतं, पण त्यातून समितीच्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर मिळत नाही हेही खरं. कॅन्सर वजनकाट्यावर ठरत नाही.

शिवाय हे सगळं पहिल्यांदा होत होतं असंही नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत लठ्ठपणाची नोंद १९४८ च्या आवृत्तीतही होती. अमेरिकेच्या करखात्याने तर २००२ मध्येच लठ्ठपणा आजार मानून त्यावरच्या उपचारांचा खर्च करातून वजा करायला परवानगी दिली होती, म्हणजे डॉक्टरांच्या आधी अकरा वर्षं करवाल्यांनी निदान करून टाकलेलं. २००४ मध्ये तिथल्या वृद्धांच्या सरकारी विम्याने "लठ्ठपणा आजार नाही" हे वाक्य नियमांतून काढलं, मात्र त्याच्या आदल्याच वर्षीच्या कायद्यात वजन कमी करण्याची औषधं वगळून ठेवलेली होती. मग २०१३ च्या मतदानाने नक्की काय बदललं? कायद्याने काहीच नाही, संघटनेचा ठराव कुणावर बंधनकारक नसतो. बदललं ते बोलणं. त्यानंतर "वेट लॉस" च्या जागी "वेट मॅनेजमेंट", "लठ्ठ माणूस" च्या जागी "लठ्ठपणा असलेली व्यक्ती", "प्रयत्न" च्या जागी "उपचार" हे जोरात आलं, आणि औषध कंपन्यांना हे शब्द आवडले नसते तरच नवल. पुढच्याच वर्षी एका मानसशास्त्रीय अभ्यासात लठ्ठ लोकांना "हा आजार आहे" असा लेख वाचायला दिला तर त्यांना आपल्या शरीराबद्दल कमी वाईट वाटलं, आणि त्याच वेळी वजनाची फिकीरही कमी झाली आणि त्यांनी जास्त कॅलरीचं खाणं निवडलं. दोन्ही बाजूंनी हा अभ्यास आपापल्या सोयीने अर्धा अर्धा वापरलाय.

ज्यांच्याबद्दल हे बोलणं चाललंय त्यांना काय आवडतं हेही विचारून झालंय. २००३ च्या एका पाहणीत पेशंटना "फॅटनेस", "ओबेसिटी" हे शब्द सगळ्यात नकोसे वाटले आणि साधं "वजन" बरं वाटलं. तरी २०१० मध्ये ब्रिटनच्या एका मंत्रीबाई म्हणाल्या की डॉक्टरांनी लोकांना सरळ फॅट म्हणावं, त्याने लोक जागे होतील. आणि १९६९ पासून अमेरिकेत एक चळवळ आहे जी फॅट हाच शब्द अभिमानाने वापरते, त्यांना "लठ्ठपणा असलेली व्यक्ती" हे अपमानाचं वाटतं, कारण त्यात शरीराला आधीच रोग ठरवलंय. तेव्हा आदराचा शब्द कोणता हे समोरच्याला विचारल्याशिवाय सांगता येत नाही, मार्गदर्शक पुस्तिका काहीही म्हणोत.

यानंतर सगळं भराभर झालं. २०१८ मध्ये जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध वजन-गटाने आपल्या नावातून वजन हा शब्दच काढला आणि वेलनेस धरलं, कारण डाएट म्हणणं तोपर्यंत मागासलेलं झालं होतं, आता सगळे "लाइफस्टाइल चेंज" करत होते. तीन वर्षांत, जून २०२१ मध्ये, अमेरिकेत सेमाग्लुटाइड या आठवड्याच्या इंजेक्शनला वजनासाठी मंजुरी मिळाली, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये टिर्झेपटाइड या तशाच दुसऱ्या इंजेक्शनला, आणि वेलनेसची भाषा एकदम जुनी वाटायला लागली. "फूड नॉइज" हा शब्द याच लाटेत पसरला, डोक्यात सतत चाललेली खाण्याची कुरकुर, इंजेक्शन घेतल्यावर ती थांबली म्हणून लोकांना कळलं की ती होती. मला हा गेल्या पन्नास वर्षांतला सगळ्यात प्रामाणिक शब्द वाटतो, तो पेशंटच्या बाजूचा आहे आणि त्यात कुणाची परीक्षा नाही. जानेवारी २०२५ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने "क्लिनिकल" आणि "प्री-क्लिनिकल" असे दोन लठ्ठपणे सुचवले, अवयवांवर परिणाम झाला असेल तर पहिला, नसेल तर दुसरा, आणि निदान फक्त बीएमआयवर नको. २०१३ च्या त्या समितीचा दुसरा मुद्दा, बारा वर्षं उशिराने.

औषध बंद केलं की काय होतं यावरून शब्द पुन्हा अडलेत. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं. जुन्या भाषेत हे रिलॅप्स, म्हणजे माणूस पडला. आजाराच्या भाषेत उपचार थांबला म्हणून आजार परतला, ब्लड प्रेशरची गोळी सोडल्यावर बीपी वाढतं तसं, आणि त्यात पडलं कुणीच नाही. डॉक्टर दुसरं बोलतात, घरचे पहिलं, आणि पेशंट बहुतेकदा दोन्ही. मेंटेनन्स हा शब्द मात्र दोन्हीकडे चालतो. १९८३ च्या शिडीवर ती सहा महिने सवय टिकल्यानंतरची पायरी होती, सेमाग्लुटाइडच्या माहितीपत्रकात तो आठवड्याला २.४ मिलिग्रॅमचा डोस आहे.