चेअरलिफ्ट

चेअरलिफ्ट : पोलादी दोराला टांगलेल्या उघड्या खुर्च्यांवरून माणसांची ने-आण करणारा रज्जुमार्ग. दोराची दोन टोके एकमेकांत गुंफून त्याचे अखंड वेटोळे करतात आणि ते पायथ्याच्या व माथ्याच्या मोठ्या आडव्या चाकांभोवती फिरवतात. मधल्या खांबांवरच्या कप्प्या दोर तोलून धरतात.

पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये अमेरिकेत आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे स्कीइंगसाठी सुरू झाली. रेल्वे अभियंता जेम्स करन यांना ती जहाजात केळ्यांचे घड चढवणाऱ्या आकड्यांवरून सुचली. केळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या खानदेशाच्या शेजारी बसून लिहिताना ही गोष्ट वगळवत नाही.

नव्या लिफ्टचा आराखडा गर्दीच्या हिशेबापासून सुरू होतो. चार जणांची खुर्ची दर १२ सेकंदांनी सुटली, तर तासाला ३०० खुर्च्या, म्हणजे १,२०० माणसे वर जातात. या हिशेबात वेग कुठेच येत नाही. वेग वाढवला तर प्रवास लवकर संपतो, रांग तेवढीच राहते. खुर्च्या दोराला पक्क्या बांधलेल्या असतील, तर वेग सेकंदाला अडीच मीटरच्या आसपासच ठेवावा लागतो. त्याहून जास्त वेगाने आलेली खुर्ची बसणाऱ्याच्या पोटऱ्यांवर आदळेल. सुट्या पकडीच्या लिफ्टमध्ये खुर्ची स्थानकात शिरताच दोर सोडते, माणसाच्या चालीने सरकते आणि प्रवासी बसल्यावर पुन्हा दोर पकडते. त्यामुळे वाटेत सेकंदाला पाच मीटरचा वेग परवडतो. खर्च आणि देखभाल मात्र बरीच वाढते.

बर्फावरचा आराखडा जसाच्या तसा नाशिकच्या डोंगरांवर चालणार नाही. स्कीइंग करणारा वर जातो तो घसरत खाली यायला. उतरत्या खुर्च्या बहुधा रिकाम्या असतात. गडावरचा भाविक परतही खुर्चीनेच येणार. संध्याकाळी खाली येणाऱ्या खुर्च्या भरलेल्या आणि वर जाणाऱ्या रिकाम्या असल्या, की वजनच दोर ओढू लागते. मोटरला तेव्हा ब्रेकचे काम करावे लागते. ब्रेक, खांब आणि वाटेत अडकलेल्यांना उतरवण्याची सोय, सगळे याच दृष्टीने आखावे लागते. त्यात आजीबाई, कडेवरचे मूल, नारळ-ओटीची पिशवी आणि सह्याद्रीतला वाऱ्यासह येणारा पाऊस. उघडी खुर्ची इथे गैरसोयीचीच.

कळवण तालुक्यातील सप्तशृंगगडावर २०१८ मध्ये रुळांवरून चालणारी फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, ती या दृष्टीने सयुक्तिक वाटते. सुमारे ५१० पायऱ्यांची चढण तिने वाचते; चैत्रोत्सवात आणि नवरात्रात बंद डब्यातून एका खेपेला बरीच माणसे जातात.

खांब कुठे रोवायचे, हा प्रश्न फक्त खडकाच्या मजबुतीचा नसतो. त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरी–ब्रह्मगिरी डोंगरांवरील रोपवेच्या प्रस्तावाला पर्यावरणप्रेमींनी विरोध केला, तो तिथल्या कड्यांवरची गिधाडांची घरटी आणि अंजनेरीचेच नाव मिळालेली सिरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मीळ वनस्पती यांच्यासाठी.