मूकपटातली माणसं तुरुतुरु का चालतात?

जुन्या अमेरिकन मूकपटांत सगळे तुरुतुरु पळतात, कारण तेव्हा कॅमेऱ्याला नीट टिपताच येत नसे, असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. पडद्यावर दिसतंही तसंच, म्हणून तो सहज पटतो.

पण खोट कॅमेऱ्यात नाही, वेगात आहे. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. सेकंदाला बहुधा १६ ते १८ चित्रं. बोलपट आल्यावर, १९२० च्या दशकाअखेरीस, २४ चा वेग ठरला. १६ ने टिपलेली फिल्म २४ ने चालवली, की मिनिटभराची चाल ४० सेकंदांत संपते. विनोदी पाठलागांत मात्र दांडा मुद्दाम सावकाश फिरवत. ती धांदल दिग्दर्शकाचीच!

पडताळायचं तर अशी एखादी तुरुतुरु पळणारी चित्रफीत मोबाइलवर ०.७५ वेगाने लावा आणि नटाऐवजी त्याच्या डोक्यावरून पडणारी टोपी बघा. टोपी नेहमीसारखी पडली, की नटही माणसासारखा चालतो.