हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तरेला हरिहरेश्वर हे तीर्थक्षेत्र आहे. ‘दक्षिण काशी’ म्हणून ते ओळखले जाते. देवळामागचा डोंगर उजव्या हाताला व समुद्र डाव्या हाताला ठेवून, खडकांवरून चालत घातलेला फेरा म्हणजे येथील प्रदक्षिणा. कोकणातील देवस्थानांत ही प्रदक्षिणा वेगळी आहे, कारण तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते.

ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती यांची स्थाने येथे लिंगरूपात आहेत. अगस्ती ऋषींना ही स्वयंभू लिंगे सापडली अशी कथा सांगतात. शेजारी कालभैरव व योगेश्वरीचे देऊळ आहे. आधी कालभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा कालभैरव असा दर्शनाचा क्रम पाळतात. हरिहरेश्वर हे पेशव्यांच्या भट घराण्याचे कुलदैवत. पहिल्या बाजीरावाने १७२३ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार केला.

देवळापासून पायऱ्या डोंगरावर चढतात आणि दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून एकदम खाली समुद्राकडे उतरतात. फटीतून बाहेर पडताच समोर काळ्या खडकाचा सपाट ओटा पसरलेला दिसतो. लाटा कड्याच्या पायथ्याशी आपटून खडक आतून कोरत जातात, वरचा आधार सुटलेला भाग कोसळतो, कडा मागे सरकतो आणि उरतो तो हा ओटा. भूगोलात याला तरंगघर्षित मंच म्हणतात. खडक दख्खनच्या लाव्हाचा, म्हणजे बसाल्टचा आहे. यावरच गायत्रीतीर्थ, शुक्लतीर्थ, पांडवतीर्थ अशी तीर्थे मानली आहेत. पांडवांनी येथे पिंडदान केल्याचे सांगतात. खडकातील एका खळग्याला विष्णुपद म्हणून नमस्कार केला जातो.

सर्वांत जास्त वेळ थांबावे ते कड्याच्या भिंतीपाशी. मधाच्या पोळ्यासारखी ही भिंत छिद्रांनी भरलेली आहे. काही छिद्रांत बोटाचे पेर मावते, काहींत मूठ; दोन छिद्रांमधला पडदा जाड पुठ्ठ्याइतकाच असतो. हे काम लाटांचे नसून मिठाचे आहे. उडालेले तुषार खडकात मुरतात, उन्हाने पाणी वाळते, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न कण सुटा करतात. एकदा खळगा पडला की आतली ओल सावलीत जास्त टिकते, त्यामुळे तो आणखी खोल होत जातो. हे पडदे नखानेही दुखावतात. त्यांवर नावे कोरणाऱ्यांनी एका क्षणात जे मोडले, ते पुन्हा भरून येणारे नाही.

प्रदक्षिणेला तासभर लागतो. थांबत गेल्यास दीड तास धरावा. पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी निघावे, म्हणजे पाणी उतरत असताना फेरा संपतो. वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती, तर नऊच्या सुमारास ओहोटी. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून हा अंदाज त्या दिवशीच्या भरतीच्या तक्त्याशी आणि गावातल्या माणसांच्या सांगण्याशी ताडून घ्यावा.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आगेमागे असते आणि तीही उधाणाची. महाशिवरात्र वद्य चतुर्दशीची, म्हणजे त्या दिवशीही भरती साडेदहा-अकराच्या सुमारास. सकाळी निघालेल्या गाड्या नेमक्या याच वेळी पोहोचतात. दर्शन उरकून लगेच खडकांवर उतरणे ही येथील सर्वांत मोठी चूक. अशा दिवशी दुपार सरू द्यावी. उलट अष्टमीला ओहोटी बाराच्या सुमारास येते, पण ती भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची असल्याने पाणी फार मागे हटत नाही. कालाष्टमीच्या भाविकांना दुपारची वेळ मिळते खरी, पण कड्यालगतच चालावे लागते.

या वाटेवर माणसे वाहून गेली आहेत. कड्याखालच्या टप्प्यात एका बाजूला उभी भिंत आणि दुसरीकडे पाणी असते. वर चढायला वाट नाही. ओहोटीनंतर पहिल्या तासात पाणी जेमतेम चढते, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र भरतीचा जवळजवळ निम्मा चढ होतो. घळींत शिरलेली लाट दोन्ही भिंतींत कोंडून उंच उसळते, म्हणून घळीच्या तोंडाशी उभे राहू नये आणि फोटोसाठी समुद्राकडे पाठ करू नये. चालण्याआधी पाच-दहा मिनिटे उभे राहून लाटा पाहाव्यात. पुढचा खडक गुडघ्याच्या वरपर्यंत ताजा ओला दिसला, तर मोठी लाट तिथवर येते हे समजावे आणि परतावे.

हिरवे शेवाळ आणि ओला काळा दगड दोन्ही निसरडे. पाय कोरड्या, खरखरीत दगडावर टाकावा. खडकावरच्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात. सैल चपलेपेक्षा पायाला घट्ट बसणारे, रबरी तळाचे पादत्राण बरे. अनवाणी प्रदक्षिणेचा नेम असलेल्यांनी चाल मंद ठेवावी. लहान मुले आणि गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना फटीच्या पायऱ्यांवरूनच समुद्र दाखवून परत न्यावे. जून ते सप्टेंबर खडकांवर उतरूच नये. मार्ग बंद ठेवला असेल तर दोर ओलांडू नये.

कोकण रेल्वेचे माणगाव स्थानक सोयीचे. तेथून म्हसळ्यामार्गे रस्ता आहे. मंडणगडकडून येणाऱ्यांना वेसवी ते बागमांडला ही फेरीबोट जवळची पडते. दिवसभराचा बेत आखताना फेरीबोटीच्या वेळेआधी ओहोटीची वेळ बघावी.